मेहुण्यासाठी दहा मिनिटं

८ सप्टेंबर, सोमवार

ही वही आमच्या चर्चच्या पाळकांनी दिली. माझी हौस नाही. काल उपासना संपल्यावर मी त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही, आणि का ते विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. आतल्या खोलीत नेलं, खुर्चीवरचे कपडे बाजूला सारले, बसवलं. मग म्हणाले, "तुझा मेहुणा तिसऱ्या रांगेत बसतो, म्हणून ना?"

हो. म्हणूनच! तिसऱ्या रांगेत बसतो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गातो. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली ती त्याच्यामुळे, आणि मी त्याच्या मागे बसून त्याची सगळी बोटं बघत राहायची. गाणं माझ्या तोंडातून फुटत नाही.

पाळक म्हणाले, ये असंही म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. फक्त रोज सकाळी दहा मिनिटं त्याच्यासाठी प्रार्थना कर. जे मनात येईल ते लिहून काढ. कुणाला दाखवू नको, मलासुद्धा नाही.

म्हटलं, त्याच्यासाठी का? माझ्यासाठी का नाही?

"तुझ्यासाठी मी करतोच," म्हणाले. "त्याच्यासाठी तूच कर. नाहीतरी दिवसभर तुझ्या डोक्यात तोच असतो."

म्हातारा बोलतो हळू, पण लागतं नेमकं.

९ सप्टेंबर, मंगळवार

बसलो. दहातली नऊ मिनिटं घड्याळ बघण्यात गेली. शेवटी म्हणालो – प्रभू, त्याच्या पाठीला अशी खाज सुटू दे की तिथे हात पोचू नये. आमेन.

१० सप्टेंबर, बुधवार

एकदा सगळं नीट लिहून काढतो. अपघाताला दीड वर्ष झालं, पण मला ते शेवटपर्यंत कुणी सांगूच दिलेलं नाही. मी तोंड उघडलं की कुणीतरी पाणी आणायला उठतं.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. बायकोचा धाकटा भाऊ शाळा संपल्यावर नुसताच फिरत होता, तेव्हा मीच त्याला कंपनीत लावला. पाना कसा धरायचा ते मी शिकवलं. दोराला तेल किती, ब्रेकचा आवाज कसा ऐकायचा, केबिनच्या छपरावर पाय कुठे ठेवायचा – सगळं मी. आणि सगळ्यांत आधी शिकवला तो एक नियम. एकाचा हात मशीनमध्ये असेल तर दुसऱ्याने मेन स्विचला हात लावायच्या आधी विचारायचं, "हात बाहेर?" उत्तर येईपर्यंत थांबायचं. "बाहेर" असं कानाने ऐकायचं. मगच स्विच. घाई असो, साहेब ओरडत असो, इमारतीतले लोक जिन्यात शिव्या घालत असोत – आधी विचारायचं.

त्या दिवशी आम्ही दोघं गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होतो. माझा हात पुलीवर, दोराच्या खाली. तो स्विचपाशी. त्याने विचारलं नाही. स्विच टाकला.

एवढंच. बाकीचं हॉस्पिटलमधलं आहे.

चौथ्या दिवशी भेटायला आला. फळं घेऊन. खाटेशी उभा राहून म्हणाला, "दाजी, देवाची इच्छा." देवाची! देवाने स्विच टाकला काय?

आणि कंपनीत काय सांगितलं? – मी विचारलं, ते "बाहेर" म्हणाले, म्हणून टाकला. म्हणजे हात आत ठेवून मीच बाहेर म्हणालो! खोलीत तिसरा माणूस नव्हता. त्याचा शब्द विरुद्ध माझा. मी औषधांच्या गुंगीत. साहेबांनी ठपका माझ्यावर ठेवला, आणि वर दया म्हणून मला तक्रारींच्या फोनवर बसवलं. आता लोक लिफ्टमध्ये अडकले की मला फोन करतात, आणि मी त्यांना सांगतो, घाबरू नका, माणूस निघालाय. तो निघालेला माणूस बऱ्याचदा माझा मेहुणाच असतो.

झालं लिहून. हात दुखतोय. डाव्या हाताने लिहायची सवय अजून पुरती नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

बायकोशी वाजलं. ती म्हणाली, अपघात तो अपघात, किती दिवस उगाळत बसणार. मी म्हटलं, अपघाताचा राग नाही, खोट्याचा आहे. तिचं म्हणणं, तो खोटं बोलणार नाही, त्याने विचारलं असेल, तुम्हालाच आठवत नसेल.

मला आठवत नसेल!

ती रडली. म्हणाली, एका बाजूला नवरा, एका बाजूला पाठचा भाऊ, मी कुणाला घराबाहेर काढू ते सांगा. मी बाहेर जाऊन बसलो. दहा मिनिटं प्रार्थना राहिली. राहू दे.

१४ सप्टेंबर, रविवार

गेलो. येणार नाही म्हणालो होतो, पण तो तिथे आणि मी घरी, असं कशाला? देऊळ काय त्याच्या एकट्याचं आहे?

पाळकांना सांगितलं, माझ्या तोंडून प्रार्थना येत नाही, शाप येतात. वाटलं, दचकतील. दचकले नाहीत. म्हणाले, बायबलमधली जुनी गाणी मोठ्याने वाच, संतापलेल्या लोकांची. देवाशी भांडणाऱ्यांची. लहानपणी देवळाच्या मंडळीत आम्हाला कधी ती शिकवली नाहीत, गोडगोड तेवढी शिकवली. त्यांनी कुठली वाचायची ते सांगितलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

वाचली. बाप रे! या लोकांपुढे मी म्हणजे अगदीच सभ्य. मी खाज मागितली. हे दात पाडायला सांगताहेत! मोठमोठ्याने वाचत होतो. बायकोने खिडकी लावून घेतली. मुलगी शाळेचे बूट घालताना म्हणाली, "बाबा आज कुणावर रागावलेत?" आई म्हणाली, "कुणावर नाही, प्रार्थना चाललीय."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाटलं, बोलायला कुणीतरी आहे, आणि तो पाणी आणायला उठत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाळकांनी शुक्रवारी दुपारचं जेवण सोडायला सांगितलंय. तो वेळ देवापाशी बस म्हणाले. बसलो. पोटात कावळे आणि डोक्यात मेहुणा. भुकेने माणूस नम्र होतो असं ऐकलं होतं. मी तर आणखी कडू झालो.

त्यातच फोन. एक बाई सोफ्यासकट लिफ्टमध्ये अडकलेली. सोफा अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि ती त्याच्या पलीकडे. मला म्हणते, तुम्हाला काय, तुम्ही खुर्चीत बसून बोलताय! मी तिला असं काही बोललो की शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मावशी म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्याच मावशी. पंचवीसएक वर्षं फोन घेताहेत. म्हणाल्या, "जेवून घ्या हो. देव काही तुमचा डबा मागत नाहीये."

बाईला परत फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, सोफा विकला तरी चालेल, पण मला बाहेर काढा.

जेवलो मात्र नाही. हट्ट होता की उपास, देवाला ठाऊक.

२२ सप्टेंबर, सोमवार

काही नाही. बसलो. भिंत पाहिली. उठलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

आठवड्यातून एक काम असं कर की ते कुणालाच कळणार नाही – हेही पाळकांचंच. म्हणून आज भल्या पहाटे देवळात जाऊन संडास धुतले. नीट धुतले. नळाभोवतीचा गंज घासला, कोपऱ्यातली जाळी काढली. तीन बोटांत ब्रश धरता येतो, हे एक नवीन कळलं. खराटा टेकवून बाहेर आलो, तर समोर मेहुणा! गायकवर्गाच्या तालमीसाठी आलेला. "वा, दाजी!" म्हणाला. आणि दहा मिनिटांत सगळ्या गायकवर्गाला माहीत. एकेक जण येऊन माझ्या खांद्यावर थाप मारून जातोय. कुणीतरी म्हणालं, अशा माणसांमुळेच मंडळी टिकते.

दोन तास घासलं आणि सगळं त्याने एका "वा"मध्ये वाहून टाकलं! माझ्यापाशी गुपचूप ठेवावं असं एक तरी काही हा माणूस राहू देणार आहे का?

आजची प्रार्थना – प्रभू, त्याचा आवाज बसू दे. निदान उद्यापुरता.

२८ सप्टेंबर, रविवार

आवाज बसला नाही.

पाळकांना विचारलं, आणखी किती दिवस? त्यांनी उलटं विचारलं, त्याच्यासाठी तू मागतोस काय? म्हटलं, त्याचं भलं कर म्हणतो, दात खाऊन म्हणतो, पण म्हणतो. ते म्हणाले, भलं म्हणजे काय? भलं कर असं कुणालाही म्हणता येतं, त्याला माणूस माहीत असावा लागत नाही. याला आत्ता कशाची गरज आहे?

मला काय माहीत! आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही.

"मग माहीत करून घे," म्हणाले. जसं काही दुकानातून साबण आणायला सांगताहेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

रात्रीच्या जेवणाला बसताना बायकोला विचारलं, तुझ्या भावाचं कसं चाललंय? तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं. मी लगेच म्हटलं, प्रार्थनेसाठी हवंय, दुसरं काही नाही.

तिने सांगितलं. त्याला झोप नाही. बारीक झालाय. घरी असला की रेडिओ लावून बसतो, बंद करू देत नाही. आपल्याच इमारतीत लिफ्ट असून जिन्याने चढतो, चार मजले. त्याची बायको विचारते तर म्हणतो, व्यायाम. आणि मशीनरूममध्ये जायचं काम आलं की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करतो.

मला बरं वाटायला हवं होतं. मीच मागितलं होतं ना त्याचं वाईट? तर मला राग आला! आता त्याची कीवसुद्धा मीच करायची? हात माझा गेला आणि झोप याची उडाली, म्हणजे यातही हाच पुढे!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उपास. आज भूक लागली तेवढीच लागली, चिडचिड झाली नाही. म्हणजे झाली, पण कुणावर काढली नाही. मावशींनी त्यांच्या डब्याचं झाकण माझ्याकडे पाठ करून उघडलं. मला कळलं, ते माझ्यासाठी होतं.

सकाळी मागितलं – त्याला झोप दे. एवढंच. पुढे "आणि मला त्याचं खोटं उघडं पडलेलं दिसू दे" हेही मागितलं. दोन्ही एका दमात.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रार्थना करताना हात जोडत नाही मी. त्या दिवसापासून नाही. जोडले की उजवा डाव्यावर नीट बसत नाही, मध्ये भोक राहतं, आणि मग सगळं लक्ष त्या भोकात जातं. मांडीवर ठेवतो.

आज सजवलेली वाक्यं सोडून दिली. म्हणालो, प्रभू, या माणसाचा मला राग आहे, तुला माहीत आहे. तो जाईल असं मला वाटत नाही. तरी त्याला सांभाळ. – हे म्हणून झालं आणि अजून सात मिनिटं उरली होती. नुसता बसून राहिलो. या वेळी घड्याळ पाहिलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहून काढतो.

दुपारची वेळ. मावशी जेवायला गेलेल्या. फोन वाजला, मी ठरलेलं बोललो – नमस्कार, तक्रार विभाग, कुठून बोलताय? उत्तर नाही. नुसता श्वास. लहान मुलं फोन करून अशी गंमत करतात, म्हणून ठेवणार होतो.

"दाजी."

मेहुणा. एका मोठ्या इमारतीत, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये, केबिनच्या छपरावर. दाराचं लॉक तपासायला चढला होता. लिफ्ट थांबवणारं बटण दाबलं आणि मग शरीर हलेनासं झालं. हात उचलत नाही म्हणाला. खाली काळोख आहे, भिंत जवळ येतेय. त्याचे दात वाजत होते, ते मला फोनवर ऐकू येत होते. जोडीदार आज आलाच नव्हता. एकट्याने चढायचं नसतं, हेही मीच शिकवलेलं.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. पहिल्यांदा वाटलं – आता कळलं का? दुसऱ्यांदा वाटलं, हा फोन साहेबांकडे जोडावा आणि आपण मोकळं व्हावं. एक बटण. तसा नियमच आहे, आपल्या माणसाची अडचण साहेबांकडे द्यायची.

बटण दाबलं नाही. का ते माहीत नाही.

दुसऱ्या फोनवरून त्या भागातल्या मेकॅनिकला तिकडे पाठवलं. मग याला म्हटलं, उभा आहेस की बसलायस? उभा. म्हटलं, खाली बस. मधल्या लोखंडी तुळईला दोन्ही हातांनी मिठी मार. दोराकडे बघू नकोस, भिंतीकडे बघू नकोस, तुळईवरचा नंबर वाच. त्याने वाचला. परत वाच. परत वाचला. माझ्या आवाजात माया नव्हती. पहिल्या वर्षी त्याच्यावर ओरडायचो तोच आवाज होता. पण तो बसला.

मग म्हणाला, दाजी, प्रार्थना करा.

ऑफिसात सात-आठ माणसं. मी देवळातसुद्धा मोठ्याने प्रार्थना केलेली नाही कधी. डोक्यात दुसरं काही येईना, म्हणून जी सकाळी म्हणतो तीच म्हणालो. "प्रभू, या माणसाचा मला राग आहे, तुला माहीत आहे. तरी त्याला सांभाळ. त्याला झोप दे. त्याला आत्ता धरून ठेव."

सगळे टाइप करायचे थांबले. मग त्याने विचारलं, हे तुम्ही आत्ता बनवलंत? म्हटलं, नाही, महिना झाला, सकाळी तुझ्यासाठी काही ना काही म्हणतोय. पाळकांनी मागे लावलंय.

तेव्हा तो बोलला. हळू. "मी विचारलंच नव्हतं, दाजी. घाई होती. हात बाहेर का, असं विचारलंच नव्हतं. स्विच टाकल्यावर तुमचा आवाज आला."

मी म्हटलं, "माहीत आहे."

तेवढ्यात मेकॅनिक पोचला, दार उघडल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

दीड वर्ष ज्या वाक्याची वाट पाहिली ते मिळालं. मिळाल्यावर मी काय केलं? पुढचा फोन घेतला. कुणाचा तरी पंखा लागत नव्हता लिफ्टमधला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बायकोला सांगितलं नाही. त्याने सांगायला हवं. उपास केला. डोकं रिकामं. राग कुठे गेला म्हणून चाचपून पाहिलं, दुखरा दात जिभेने पाहावा तसा. सापडला नाही. भीतीच वाटली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सापडला!

तिसरी रांग. डोळे मिटलेले, हात वर, आवाज छपराला. तसाच! काहीही न झाल्यासारखा! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उपासना संपल्यावर गर्दीतून असा निसटला की जणू मी त्याच्याकडे वर्गणी मागणार होतो.

म्हणजे काळोखात, मरणाची भीती वाटली तेव्हा माझ्या कानात कबूल करायचं. आणि उजेडात आलं की ठपका माझाच! कंपनीत मी अजून हात आत ठेवून "बाहेर" म्हणणारा मूर्ख, सासरी अजून विसराळू. आधी तो खोटं बोलला तेव्हा निदान मला वाटायचं, कोण जाणे, त्याचा तसाच समज असेल. आता कळलं, त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खाटेशी फळं घेऊन उभा होता तेव्हाही.

आज प्रार्थना नाही. काही नाही. प्रभू, तूच बघ त्याच्याकडे, मला दिसायला नको.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाळकांकडे गेलो, दारातच ओरडलो. क्षमा कर म्हणालात तर वही तुमच्या अंगावर फेकीन, म्हटलं. ते म्हणाले, मी अजून तो शब्द एकदा तरी काढला का?

खरंच. काढलेला नाही.

मी म्हटलं, ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर सांगतो, साहेबांना सांगतो, बायकोला सांगतो. ते म्हणाले, सांगशील, तो तुझा हक्क आहे, खरं लपवून ठेव असं प्रभू कुणाला सांगत नाही. पण आधी त्याच्याकडे जा. एकटा. त्याच्या तोंडावर बोल. माझ्यापाशी त्याच्याबद्दल पुष्कळ बोललास, देवापाशीही बोललास. त्याच्याशी किती बोललास?

दीड वर्षात? "मीठ दे" वगैरे धरून दहा वाक्यंही होणार नाहीत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. काम सुटल्यावर सरळ गेलो, नाहीतर पाय मागे वळले असते.

तो इमारतीच्या खाली मोटरसायकल धूत होता. मला पाहून फडका पिळत राहिला, पाणी संपलं तरी पिळत राहिला. मी बसा म्हणायची वाट पाहिली नाही. उभ्यानेच सांगितलं. रडलो नाही, ओरडलोही नाही. सकाळी त्या भिंतीसमोर बसून बसून जे साठलं होतं तेवढंच सांगितलं. की बोटांपेक्षा खोटं जास्त दुखतं. की माझी बायको मला विसराळू समजते. की काम मी तुला शिकवलं आणि माझ्याच कामावर तू थुंकलास. की परत कधी माझ्यापुढे देवाच्या इच्छेचं नाव काढू नकोस.

तो म्हणाला, "साहेबांना सांगितलं तर परवाना जाईल, दाजी."

"जाईल."

"मला दुसरं काही येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

वरून त्याच्या घरातल्या रेडिओचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, तुम्ही सांगणार का? वाटेत हजारदा ठरवून आलो होतो – हो, सांगणार. तोंडातून निघालं, "नाही. ते तुझं आहे. मी ओढून घेणार नाही."

हे कुणी बोलवून घेतलं माझ्याकडून? मला तर सांगायचं होतं! परत येताना सगळ्या रस्त्याने स्वतःला शिव्या घातल्या.

मी निघताना त्याने विचारलं होतं, "ती प्रार्थना अजून करता?"

म्हटलं, रविवारपासून बंद आहे. उद्यापासून बघू.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

केली. दहा मिनिटं. दात खाऊन, पण केली. आज त्याच्यासाठी धीर मागितला. मागताना लक्षात आलं, हे मागणं मला कुणी सांगितलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिसऱ्या रांगेत तो नव्हता. गाणं सपक वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही.

बायको विचारत होती, आजारी आहे का तो? म्हटलं, मला ठाऊक नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. भांडायच्या तयारीने नाही, नुसतंच पाहिलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मेहुण्याने काल साहेबांना खरं ते सगळं सांगितलं. मला न विचारता, मग संध्याकाळी घरी येऊन बहिणीसमोरही. ती आत येऊन माझा उजवा हात धरून बसली.

माझ्यावरचा ठपका गेला. त्याचा परवाना गेला. नोकरी मात्र ठेवलीय. सोमवारपासून तो तक्रारींचे फोन घेणार. मावशींच्या नाही, माझ्या दुसऱ्या बाजूच्या टेबलावर. काम मी शिकवायचं. साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुम्हाला चालेल का? नसेल तर तसं सांगा, कुणी काही म्हणणार नाही.

राग आहे अजून. चालेल म्हणालो.